यादीत नसलेलं नाव

मामेभावाच्या मुलाची मुंज होती. आदल्या रात्री कार्यालयातल्या सतरंजीवर आम्ही सगळे जमलो होतो. बाहेर आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटलेल्या, बुंदीचा तुपकट वास आतपर्यंत येत होता, माझ्या शेजारी मामी ओल्या फडक्याने विड्याची पानं पुसत बसली होती. मामेभाऊ पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कामं लिहीत होता आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. गुरुजींचं साहित्य कुणाकडे, मातृभोजनाची ताटं कोण बघणार, भिक्षावळीच्या वेळी बटूजवळ कोण उभं राहणार, पुण्याहून येणाऱ्यांना स्टेशनवरून कोण आणणार, आहेराची वही कोण धरणार. शाळकरी भाचीलासुद्धा अक्षता वाटायचं काम मिळालं. माझ्या धाकट्या भावाचं नाव आलंच नाही. त्याने विचारलं, "आणि मला?" मामेभावाने वर पाहिलं, अगदी मायेने हसला आणि म्हणाला, "तू फक्त मजा कर रे." दोघंचौघं हसली. भाऊही हसला. मग तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आचाऱ्याशी बर्नरच्या ज्योतीबद्दल बोलत उभा राहिला.

त्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. म्हणूनच ते माझ्या मनातून जाईना.

आपल्याकडे कार्यात ज्याला काम नाही तो पाहुणा. घरचा माणूस म्हणजे ज्याच्या हातात किल्ल्या आहेत, ज्याला पहाटे कुणीतरी हाक मारून "दूध आलं का रे?" विचारतं तो. माझा भाऊ 42 वर्षांचा आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. चालत्या मशीनशेजारून जाताना नुसत्या आवाजावरून त्याला कळतं की आतलं बेअरिंग जायला आलंय. घराचे हप्ते भरतो, त्याची मुलगी आठवीत आहे. अशा माणसाला "मजा कर" म्हणणं म्हणजे त्याला हलक्या हाताने मोठ्यांच्या पंगतीतून उठवून लहान मुलांत नेऊन बसवणं आहे. एरवी त्याच्या विसरण्यावर लोक चिडतात, टोमणे मारतात. ते तो पचवायला शिकलाय. ही माया मात्र त्याला पचली नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

गेल्या वर्षी त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासूनच जड जाणं. तो मनोविकारतज्ज्ञाकडे गेला हेच आमच्या घरात मोठं होतं. इंदुरात वाढलेल्या कुणालाही विचारा, शाळेत कुणी जरा वेगळं वागलं की "याला बाणगंगेला पाठवा" हे ठरलेलं वाक्य असायचं. तिथल्या मनोरुग्णालयाच्या नावाने चिडवून घेतलेल्या मुलाला चाळिशीत स्वतःहून मानसोपचाराची पायरी चढायला किती बळ लागलं असेल! डॉक्टरांनी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं की लहानपणाबद्दल कळल्याशिवाय काही ठरवता येणार नाही. या निदानाची अटच तशी आहे. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. अमेरिकन निदानपुस्तिकेत 2013 पर्यंत ही मर्यादा सात वर्षांची होती. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीत ती बारावर नेली आणि मोठ्या माणसांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली. म्हणजे माझ्या भावासारख्यांकडे शास्त्राने धड वळून पाहिलं त्यालाही अजून फार काळ झालेला नाही.

तर आईने पलंगाखालची ट्रंक ओढली. डांबरगोळ्यांचा वास, तिचा शालू, आमच्या पत्रिका आणि सगळ्यात खाली रबरबँडने बांधलेली प्रगतिपुस्तकं. रबरबँड हात लावताच तुटलं. शाळा हिंदी, त्यामुळे शेरे हिंदीत. तिसरीत, "बुद्धि अच्छी है, ध्यान नहीं देता." चौथीत, "कॉपी अधूरी. लापरवाह." पाचवीत, "अपनी चीज़ें खो देता है." सहावीत, "क्षमता बहुत है, मेहनत नहीं करता." दर वर्षी शाई वेगळी, अक्षर वेगळं, खाली सही वेगळी, आणि शेजारी पालकांच्या रकान्यात बाबांची तीच वळणदार सही. मी फरशीवर बसून ते सगळे शेरे पुन्हा पुन्हा वाचले. त्या शिक्षकांनी जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं होतं. वस्तू हरवणं, काम अर्धवट सुटणं, बोलणाऱ्याकडे चित्त नसणं, ही सगळी त्या निदानपुस्तिकेतली लक्षणं एकेका इयत्तेत नोंदवून ठेवलेली होती. पुरावा घरातच, पलंगाखाली होता. पण इतक्या वेगवेगळ्या माणसांना दर वर्षी नेमकं तेच दिसतंय, तर त्यामागे मुलाच्या इच्छेपलीकडचं काहीतरी असेल, असं एकाही सहीच्या वर कुणी लिहिलेलं नव्हतं.

याचं मूळ फार जुनं आहे. 1902 मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, तरी स्वतःला आवरता न येणारी मुलं. त्याने त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं होतं. पुढे विज्ञान त्या म्हणण्यापासून दूर गेलं. समाज मात्र अजून त्याच्याच जवळपास उभा आहे असं मला वाटतं. त्यात भर म्हणजे वाढत्या वयात हे आपोआप जातं हा समज कित्येक दशकं टिकून राहिला. आज प्रौढांमधलं प्रमाण साधारण अडीच टक्के मानलं जातं, म्हणजे चाळिसांत एक. आमच्या मुंजीच्या पंगतीत असे आणखीही कुणी बसलेले असणार. त्यांच्या ट्रंका अजून उघडल्या गेलेल्या नाहीत, एवढंच.

भाऊ खरं बोलतो ते सराफ्यात, रात्री अकरानंतर. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडलेली, त्यांच्याच ओट्यांवर खाऊची दुकानं थाटलेली, तेलात गराडू नावाचा कंद सळसळतोय, त्यावर जीरावण मसाला भुरभुरतोय, धक्के बसताहेत, चारी बाजूंनी आरोळ्या. मला त्या गर्दीत धड वाक्य सुचत नाही आणि त्याला तिथे सुचतात. थंडीत अशाच एका रात्री द्रोण हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, साहेब चालता चालता तीन कामं सांगतात. तिसरं ऐकताना पहिलं गळालेलं असतं. मला कळतं की गळालंय. काय गळालं ते कळत नाही. परत विचारलं तर म्हणतात, लक्ष कुठे होतं? अरे, लक्ष तिथेच होतं. सगळा जीव तिथेच लावला होता."

हे त्याचं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. लक्ष नसणं वेगळं आणि ते हवं तिकडे वळवता न येणं वेगळं. तो बंद पडलेला कंट्रोल पॅनल उघडून जेवणखाण विसरून सहा तास बसू शकतो. दहा मिनिटांचा विम्याचा फॉर्म त्याच्याकडून महिनोन्‌महिने होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातून एकच दिसतं: आवडीचं करतो, नावडतं टाळतो. ज्याला कधीच काही जमत नाही त्याला लोक सांभाळून घेतात. ज्याला कधी कधी फार सुरेख जमतं त्याचं न जमणं माफ होत नाही. त्याचं प्रत्येक चांगलं काम पुढच्या चुकीच्या वेळी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं केलं जातं. "तेव्हा बरं जमलं!"

आणि घरात तर हिशेब आणखी कडवा. आई म्हणते, "मनात असतं तर लक्षात राहिलं असतं." बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर त्यांच्या गोळ्या आणायच्या तो विसरला होता. तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात आहे. त्याच आठवड्यात रात्रीमागून रात्री तो आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होता. नर्स बाहेर आली की सगळ्यांत आधी उभा राहत होता. बाबांना घरी आणल्यावर त्यांचे पाय चेपत होता. ते सगळं आईने पाहिलं आहे. तिचं त्याच्यावर प्रेम आहे. पण आठवण ठेवणं हीच प्रेमाची पावती असं ती लहानपणापासून शिकत आली, आणि तिच्या वयाला मी ते तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. मला त्या दोघांबद्दलही वाईट वाटतं. दोघं एका ताटात जेवतात आणि एकाला वाटतं आपल्यावर माया नाही, दुसऱ्याला वाटतं आपली माया कुणाला दिसत नाही.

आमच्या मावशीच्या पदराला कायम गाठी असायच्या. दुधवाल्याचे पैसे द्यायचे, एक गाठ. कुणाला निरोप सांगायचा, दुसरी गाठ. संध्याकाळी अंगणात बसून ती पदर चाचपायची आणि एखाद्या गाठीपाशी बोटं थांबली की कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "ही कशाची गं?" दूध उतू जायचं, आमटीत मीठ दोनदा पडायचं, आणि तिच्या सासरी ते चारचौघांत सांगितलं जायचं. पुरुषाचा विसरभोळेपणा निदान कौतुकाने तरी सांगतात. बाईच्या विसरण्यात तिचं सगळं वळण काढलं जातं. तिला काय होतं हे मी आता ठरवणार नाही, तसा अधिकारही मला नाही. पण मुलींमध्ये हे बहुतेक वेळा शांतपणे असतं, धावपळ-दंगा न करता, आतल्या आत, म्हणून ते उशिरा ओळखलं जातं किंवा जातच नाही, हे वाचलं तेव्हा मला आधी तो पदर आठवला.

आता आमच्या शहराचंच एक सांगते. 2016 मध्ये स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं. 2017 मध्ये पहिलं आलं आणि मग येतच राहिलं. एका वर्षात लाखो इंदूरकरांचा स्वभाव बदलला का? तेच लोक, तोच पोहे-जिलेबीचा कागद. बदलली ती व्यवस्था. कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या आणि गाडी रोज दाराशी यायला लागली, गाणं वाजवत. गाणं ऐकू आलं की माणूस हातातलं टाकून डबा घेऊन बाहेर येतो. लक्षात ठेवण्याचं ओझं माणसाच्या डोक्यातून काढून त्या भोंग्यावर ठेवलं गेलं. माझ्या भावाच्या हातून इतकं काही सुटतं, पण कचरा कधी सुटलेला नाही. भावजय हे नेहमी सांगते. त्याच्या डॉक्टरांनी त्याला जे शिकवलं ते यापेक्षा फार निराळं नाही: डोक्यात ठेवायचं ते बाहेर ठेव, जिथे काम करायचं तिथेच आठवण येऊ दे. औषधाने फरक पडतोच, पण व्यवस्था नसेल तर नुसत्या औषधावर भागत नाही. अख्ख्या शहराला जमलं म्हणून आपण अभिमानाने छाती फुगवतो, तर तेवढीच सोय एका माणसासाठी मागितली की ती सवलत कशी काय होते?

म्हणून त्या मुंजीच्या यादीतही त्याला बसेल असं काम होतं. पुण्याची गाडी. गाडीला वेळ आहे, फोनवर ती कुठवर आली ते दिसतं, फलाटावर उद्घोषणा होते. तिथे तो चुकला नसता. आहेराची वही मात्र त्याला देऊ नये, हे मीही मान्य करीन. काम देताना माणूस बघून द्यावं, यात वावगं काहीच नाही. वावगं आहे ते काहीच न देणं.

नोकरीत हे जास्त महागात पडतं. आधीच्या कारखान्यात त्याने वरिष्ठांना लिहून विनंती केली होती की कामं तोंडी सांगण्याऐवजी मेसेजवर पाठवावीत, आणि लॉगबुक दर तासाला भरण्याऐवजी शिफ्टमध्ये दोनदा भरायची मुभा असावी. उत्तर आलं, "उद्या सब माँगेंगे." वार्षिक मूल्यमापनात 'गैरजबाबदार' लिहिलं गेलं आणि काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली, म्हणजे त्याला सोडायला लावलं. आपला 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा 21 प्रकार नावानिशी सांगतो. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडीचं नाव नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत बसवून घ्यायचं तर बिघाड मोठा असायला हवा, आणि आरक्षणासारख्या गोष्टींसाठी प्रमाण किमान 40 टक्के. माझ्या भावाला आरक्षण नको आहे. त्याच कायद्यात वाजवी सोयीची कल्पना आहे, मालकावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखे बदल. त्याला हवं आहे ते तेवढंच आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात आजारांच्या अशा यादीवर सगळं अडत नाही. अडचण दीर्घकाळची आहे का आणि रोजच्या जगण्यावर तिचा ठळक परिणाम होतो का, हे मुख्यतः पाहिलं जातं. मला ते जास्त माणुसकीचं वाटतं. यादी कितीही मोठी केली तरी कुणीतरी तिच्या बाहेर राहतंच.

औषधाचंही तसंच. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या यादीत येतं. गैरवापर होऊ नये म्हणून ते असणं मला समजतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. दूरच्या दुकानातला माणूस चिठ्ठी उलटसुलट करून त्याच्याकडे संशयाने बघतो. ज्याला कागद सांभाळणंच जड जातं त्याला दर वेळी ताजी चिठ्ठी, तारीख, शिक्का सांभाळावा लागतो. एखादा महिना गोळ्यांशिवाय जातो, आणि तो महिना घरातल्या सगळ्यांना कळतो.

आताच्या कारखान्यातल्या शिफ्टप्रमुखाने कुठलाही कागद न मागता देखभाल विभागात एक पांढरा फळा लावला. कोणतं मशीन, काय काम, कधीपर्यंत. आता सगळेच फिटर त्याच्यावर लिहितात. यातून माझ्या भावातला कुणी लपलेला प्रतिभावंत बाहेर आला, असं मला सांगायचं नाही. ही भाषा अलीकडे फार ऐकू येते, की हे वरदान आहे, यांची बुद्धी वेगळी, यांच्यात जादू असते. ती सद्भावनेने बोलली जाते, पण मला तिची भीती वाटते. बेअरिंगचा आवाज ओळखता येत नसता तर त्याला फळ्याचा हक्क नसता का? सामान्य बुद्धीच्या, सामान्य कामाच्या, या अडचणीने गांजलेल्या माणसालाही वाजवी वागणूक मिळायला हवी. त्यासाठी त्याने आधी कुणाला थक्क करून दाखवायची गरज नसावी. आणि "भिया, ये तो सबको होता है" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की सगळ्यांना होतं, पण सगळ्यांची नोकरी जाते का त्यापायी? बेचाळिशीत यादीतून नाव जातं का?

या सगळ्यात माझ्या भावजयीला कुणी काही विचारत नाही. निदानानंतर भावाला नाव मिळालं, दिलासा मिळाला, माझ्यासारखी बाजू घेणारी बहीण तर होतीच. तिला काय मिळालं? एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "ताई, त्याचा दोष नाही हे मला पटलंय. पण आता मला रागावताही येत नाही." गॅस कधी संपेल, फी कधी भरायची, कुणाच्या वाढदिवसाला फोन करायचा, त्याची किल्ली कुठे आहे, हे सगळं इतकी वर्षं तिच्या एकटीच्या डोक्यात. तिच्यावर अन्याय होऊन त्याला मिळालेला न्याय मला नको आहे. डॉक्टरांनी पुढच्या भेटीला दोघांनाही बोलावलं, ते फार बरं केलं. आता घरातली काही कामं पूर्णपणे त्याची आहेत, फोनच्या गजरासकट, आणि ती आठवण करून देत नाही. एकदा सिलिंडर नोंदवायचं राहिलं. दोन दिवस सगळा स्वयंपाक इंडक्शनवर झाला, तरी तिने स्वतः फोन करून सिलिंडर नोंदवलं नाही. ते दोन दिवस तिला फार जड गेले. हे किती काळ जमेल ते माहीत नाही, असं ती स्पष्ट सांगते.

भावाच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने नुकतंच सांगितलं की ती खिडकीबाहेर बघत बसते, वही पूर्ण नसते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो तीन चतुर्थांशाच्या आसपास निघतो. पुढच्या महिन्यात तिला दाखवायला नेणार आहेत, काही असेल किंवा नसेलही. तोवर थांबायला भाऊ तयार नव्हता. तो स्वतः शाळेत गेला, सुट्टी टाकून, वेळेच्या आधी पोचला. मुलीला खिडकीपासून दूर पुढच्या बाकावर बसवा आणि गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहा, एवढंच त्याने मागितलं. बाईंनी विचारलं, काही सर्टिफिकेट आहे का? तो म्हणाला, अजून नाही. बाईंनी जरा विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून बाक बदलला. गृहपाठाचं म्हणाल तर, बाकीच्या विषयांच्या शिक्षकांशी बोलून सांगते म्हणाल्या आहेत.